अपयशाची वाटणी

सांख्यशास्त्रात आंधळ्या-पांगळ्याचा एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. पांगळ्याला दिसते, पण चालता येत नाही. आंधळ्याला चालता येते, पण दिसत नाही. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि दोघेही इष्ट स्थळी पोहोचतात. प्रकृती व पुरुष यांचा संयोग समजावून देण्यापुरताच हा दृष्टान्त शास्त्रकारांस हवा होता, म्हणून त्यांनी त्या दोघांस सुखरूप पोहोचविले. परंतु समजा, वाटेत ते दोघे खड्ड्यात पडले असते, तर? पांगळा म्हणाला असता, “तुझे पाय लटपटले.” आंधळा म्हणाला असता, “तू वाट चुकीची दाखविलीस.” आणि दोघांपैकी कोणाचे खरे, याचा निवाडा करावयास तिसरा कोणी तेथे नसता.

शास्त्रकारांनी सोडून दिलेला हा प्रश्न व्यवहारात आपणांस पदोपदी भेटतो. आपली बहुतेक कामे संयुक्त असतात. एकट्याच्या कर्तृत्वाने जगात फारच थोडे घडते. यशाची वाटणी करताना भांडण झाले तरी ते गोड असते, कारण वाटण्यास काहीतरी असते. अपयशाची वाटणी मात्र कठीण. मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला तर तो घराण्याच्या बुद्धीचा प्रताप, अनुत्तीर्ण झाला तर मास्तरांचा हलगर्जीपणा, हा अनुभव आम्हां शिक्षकी पेशातील लोकांस नवा नाही. खटला जिंकला तर आपली बाजूच सत्याची होती, आणि हरला तर वकील कच्चा होता. संयुक्त कार्य फसले असता आपल्या सोबत्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, आणि तो अधिकार कोणत्या अटीवर प्राप्त होतो, या प्रश्नाचा विचार आज आम्ही करणार आहो.

त्यासाठी उदाहरण मात्र आम्ही एका अनपेक्षित क्षेत्रातून घेणार आहो. ते म्हणजे मोटारींच्या शर्यतींचे, आणि त्यातही ‘फॉर्म्युला वन’ या सर्वांत वरच्या पायरीवरील शर्यतींचे. पेट्रोलचा धूर व चाकांचा कर्कश आवाज यांत नीतिशास्त्र कोठून आले, असे आमचे काही वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, घरात, कचेरीत किंवा राजकारणात जो निवाडा कधीच होऊ शकत नाही, तो या क्षेत्रात एकदा जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखा झाला. असा योग क्वचितच येतो. तो दवडणे बरे नव्हे.

प्रथम या व्यवहाराची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. या शर्यतींत भाग घेणाऱ्या प्रत्येक संघाने आपली गाडी स्वतः रचावी असा नियम आहे. परंतु इंजिनही स्वतःच करावे असे बंधन नाही. फेरारीसारखे काही थोडे संघ गाडी व इंजिन दोन्ही स्वतः करतात. बाकीच्यांस इंजिन दुसऱ्याकडून घ्यावे लागते. काहींस एखाद्या मोठ्या कारखान्याचा अनन्य भागीदार होण्याचे भाग्य लाभते. मग तो कारखाना त्यांच्यासाठीच इंजिन घडवितो आणि वर द्रव्यसाहाय्यही करतो. इतर संघ मोल देऊन इंजिन घेतात, आणि पुष्कळदा ते ज्याच्याकडून घ्यावयाचे तोच शर्यतीत प्रतिस्पर्धी म्हणून समोर उभा असतो. तेव्हा येथे मैत्री, व्यापार आणि वैर ही तिन्ही नाती एकाच करारपत्रावर सही करतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गाडी कोठे संपते आणि इंजिन कोठे सुरू होते, ही सीमारेषा या यंत्रांत कोणासही नेमकी दाखविता येणार नाही. इंजिन हे पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखे गाडीत नुसते ठेवलेले नसते. चालकाची बैठक पुढे आणि दंतचक्रांची पेटी मागे, या दोहोंमधील सांगाडा म्हणजेच इंजिन. सर्व भार त्याच्यावरूनच जातो. १९६७ साली लोटस या संघाच्या गाडीत कॉसवर्थचे इंजिन याच रीतीने बसविले गेले, आणि पुढे ही पद्धत रूढ झाली. शिवाय इंजिन थंड ठेवण्यास जितकी हवा लागेल तितकी गाडीची कूस फुगवावी लागते. आणि कूस फुगली की वाऱ्यास होणारा अडथळा वाढतो. म्हणजे इंजिनाचा आकार गाडीचा वेग ठरवितो, आणि गाडीचा आकार इंजिनाचे आरोग्य ठरवितो. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसलेला असतो असे नव्हे, तर दोघांची हाडेच एकमेकांत गुंतलेली असतात.

आता कथाभागाकडे वळू. इंग्लंडातील मॅक्लारेन हा संघ आणि जपानातील होंडा हा कारखाना यांची पहिली जोडी या खेळाच्या इतिहासात अजरामर झाली आहे. १९८८ साली सोळांपैकी पंधरा शर्यती या जोडीने जिंकल्या, आणि त्या वर्षापासून सलग चार वर्षे चालकांचे व संघांचे अशी दोन्ही अजिंक्यपदे तिच्याकडेच राहिली. १९९२च्या अखेरीस होंडाने निरोप घेतला. पुढे २०१५ साली ही जोडी पुन्हा जमली, तेव्हा जुन्या वैभवाच्या आठवणींनी दोन्ही घरी दिवाळी होती.

परंतु काळ बदलला होता. २०१४ पासून या शर्यतींत नव्या जातीची इंजिने आली होती. सहा सिलिंडरांचे, १.६ लिटरांचे इंजिन; त्यास टर्बोची जोड; आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती व बाहेर पडणाऱ्या वायूंची उष्णता या दोहोंपासून वीज निर्माण करणारी यंत्रे. इतकी गुंतागुंतीची रचना या खेळात पूर्वी कधी झाली नव्हती. इतर कारखाने वर्षभर आधी उतरले होते. होंडा मागाहून आली. त्यातच मॅक्लारेनची अट अशी की, गाडीचा मागील भाग होईल तितका सडपातळ असावा, आणि इंजिनाने त्यात मावावे. होंडाने ती अट मान्य करून टर्बोचा काही भाग सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत बसविला. त्यासाठी तो लहान करावा लागला, आणि लहान केल्यामुळे तो दुबळा ठरला. ही चूक कोणाची? अट घालणाऱ्याची, की ती मान्य करणाऱ्याची? आमच्या मते या एका प्रश्नात पुढील तीन वर्षांचा सारा कलह बीजरूपाने आहे.

ती तीन वर्षे दुःखाची गेली. २०१५ साली दहा संघांत नववा क्रमांक आणि २७ गुण. त्या वर्षी बेल्जियमच्या शर्यतीत इंजिनाचे भाग वारंवार बदलल्याबद्दल दोन्ही गाड्यांस मिळून आरंभस्थानापासून शंभराहून अधिक जागा मागे जाण्याची शिक्षा झाली; मैदानात गाड्या होत्या अवघ्या वीस! त्याच वर्षी जपानात सुझुका येथे, म्हणजे होंडाच्या स्वतःच्या अंगणात, फर्नांडो अलोन्सो या त्यांच्या विख्यात चालकाने शर्यत चालू असता बिनतारी यंत्रावरून ओरडून सांगितले की, हे इंजिन खालच्या वर्गाच्या शर्यतीतले आहे. ते शब्द साऱ्या जगाने ऐकले. त्या इंजिनावर दिवसरात्र खपणाऱ्या आणि त्या दिवशी तेथे हजर असलेल्या जपानी तंत्रज्ञांनीही ऐकले. २०१६ साली थोडी सुधारणा दिसली. २०१७ साली नव्या रचनेचे इंजिन आले, ते पुन्हा आजारी पडले, आणि संघ पुन्हा नवव्या स्थानी, ३० गुणांवर उतरला. या सर्व काळात मॅक्लारेनचे म्हणणे एकच होते: आमची गाडी पहिल्या प्रतीची आहे, उणीव आहे ती इंजिनाची. सप्टेंबर २०१७ मध्ये काडीमोड जाहीर झाला. मॅक्लारेनने रेनोचे इंजिन घेतले. आणि होंडाचे इंजिन टोरो रोसो या इटलीतील लहानशा संघाने पत्करले.

येथेच तो प्रयोग सिद्ध झाला. तेच इंजिन दुसऱ्या गाडीत, आणि त्याच घडणीची गाडी दुसऱ्या इंजिनावर! पांगळ्यास नवे खांदे मिळाले आणि आंधळ्यास नवे डोळे.

निकाल यावयास फार काळ लागला नाही. २०१८च्या हंगामातील दुसऱ्याच शर्यतीत, बहारीन येथे, पियेर गास्ली याने टोरो रोसोची होंडा-इंजिनाची गाडी चौथ्या क्रमांकावर आणली. मॅक्लारेनबरोबर घालविलेल्या तीन वर्षांत त्या इंजिनास पाचव्याच्या वर कधी जाता आले नव्हते. इकडे मॅक्लारेनकडे आता जे रेनो इंजिन होते, तेच रेड बुल या संघाकडेही होते. त्या इंजिनावर रेड बुलने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या. मॅक्लारेनला पहिल्या तिघांत एकदाही येता आले नाही. जी गाडी पहिल्या प्रतीची म्हणून सांगितली जात होती, तिची खरी प्रत आता उघडी पडली. दोष दाखविण्यास इंजिन उरले नव्हते. गाडीतच मूलभूत उणिवा आहेत हे संघाच्या चालकांनी आणि चालविणाऱ्यांनी उघडपणे कबूल केले, आणि जुलैत शर्यतविभागाच्या प्रमुखाने राजीनामा दिला.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही येथे नोंदविली पाहिजे. मॅक्लारेनचे गुण त्या वर्षी ३० वरून ६२ वर गेले, आणि क्रमांक नववा होता तो सहावा झाला. तेव्हा होंडाचे इंजिन निर्दोष होते, असे मुळीच नाही. ते दुबळे होते, वारंवार बिघडत होते, आणि त्याविषयी तक्रार करण्यास जागा होती. मॅक्लारेनचा आरोप खोटा नव्हता. तो अर्धा होता. आणि आमच्या मते, नीतीच्या दृष्टीने अर्धा खरा आरोप हा संपूर्ण खोट्या आरोपापेक्षा अधिक घातक असतो. खोटा आरोप करणाऱ्यास आपण खोटे बोलतो हे ठाऊक असते. अर्धा खरा आरोप करणारा मात्र स्वतःसच फसवीत असतो. इंजिन पदोपदी बिघडत होते, म्हणून गाडी तपासण्याचे कारणच पडले नाही. सोबत्याच्या दोषाने आपल्या दोषावर पांघरूण घातले, आणि त्या पांघरुणाची ऊब तीन वर्षे सुखाची वाटली. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण हसून सांगतो; पण अंगण खरोखरच वाकडे असेल, तर नाचणाऱ्यास आपल्याला नाचता येत नाही हे कळणार तरी कसे?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. जो केवळ स्वतःसच कर्ता समजतो त्याची दृष्टी संस्कारहीन होय, असेही तेथेच म्हटले आहे. या विवेचनाचा उपयोग आपण बहुधा यशाच्या वेळी नम्रता शिकविण्यासाठी करतो. परंतु अपयशाच्या वेळीही तेच विवेचन लागू पडते, हे आपण विसरतो. ज्यास आपण एकटेच विजयाचे कर्ते आहोत असे म्हणता येत नाही, त्यास आपले करणच तेवढे पराजयाचे कारण झाले, असेही म्हणता येत नाही. पाचांतून चार वगळून एकावर बोट ठेवणे हे दोन्ही ठिकाणी सारखेच अज्ञान आहे. एका ठिकाणी त्यास अहंकार म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी स्पष्टवक्तेपणा, इतकाच भेद!

या दुटप्पीपणाचे उदाहरण रेनोच्या वाट्यासही आले. २०१० ते २०१३ या चार वर्षांत रेड बुलने रेनोच्या इंजिनावर दोन्ही अजिंक्यपदे सलग जिंकली. तेव्हा गौरव झाला तो मुख्यतः चालकाचा आणि गाडीचा आराखडा काढणाऱ्या कल्पक पुरुषाचा. २०१४ पासून पराजय सुरू झाले, आणि इंजिनाचे नाव सर्वांच्या तोंडी आले. २०१५ साली वितंडवाद इतका वाढला की, रेड बुलने दुसरे इंजिन शोधले. मर्सिडीजने नकार दिला, फेरारीशीही जमले नाही. शेवटी रेनोकडेच परतावे लागले. परंतु २०१६ पासून त्या इंजिनावर नाव आले एका स्विस घड्याळाच्या कंपनीचे. इंजिन रेनोचे, नाव घड्याळाचे! आपल्या पंक्तीस बसवावयाचे, पण पाहुण्यांस त्याचे नाव सांगावयाचे नाही, अशातला हा प्रकार आहे.

आमच्या या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हा सारा व्यापार आहे. व्यापारात कृतज्ञता, निष्ठा असली नाती शोधणे भाबडेपणाचे आहे. होंडा तरी कोठे संत होती? १९८६ व १९८७ अशी दोन वर्षे विल्यम्स या संघाने होंडाच्या इंजिनावर संघांचे अजिंक्यपद मिळविले; तरीही कराराचे एक वर्ष शिल्लक असता होंडाने त्या संघास सोडले आणि मॅक्लारेनचा हात धरला. पुढल्या वर्षी विल्यम्सला एकही शर्यत जिंकता आली नाही. हे सर्व खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही येथे निष्ठेचा प्रश्न उपस्थित करीत नाही. भागीदारी मोडण्याचा अधिकार दोघांसही आहे. तो करारातील कलमांचा विषय आहे. आमचा प्रश्न सत्याचा आहे. सोडून जाणारा ‘मला दुसरा अधिक बरा वाटतो’ असे म्हणून गेला, तर त्याने सोबत्यास दुखविले असेल, पण त्याच्याविषयी जगास खोटी साक्ष दिली नाही. व्यापारात खोटी साक्ष चालते, असे व्यापारीही म्हणणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सोबत्याचे दोष दिसत असता गप्प बसणे हे सत्याशी इमान राखणे होय काय? याचे उत्तर, नव्हे, असेच दिले पाहिजे. मौन हा स्वतः सद्गुण नव्हे. पुष्कळदा ते मिठाला जागणे असते, आणि पुष्कळदा नुसते भय असते. फेब्रुवारी २०२० मध्ये फेरारीच्या इंजिनाविषयीची चौकशी नियामक संस्थेने गुप्त तडजोड करून मिटविली, तेव्हा त्याविरुद्ध सात संघांनी संयुक्त निषेध प्रसिद्ध केला. ते सातही संघ फेरारीचे इंजिन न वापरणारे होते. फेरारीचे इंजिन घेणारे दोन संघ त्या पत्रात नव्हते. त्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण स्वाक्षऱ्यांची सीमारेषा नेमकी इंजिनांच्या सीमारेषेवरून जावी, हा योगायोग मानणे कठीण आहे. ज्याच्याकडून शक्ती घ्यावयाची त्याच्याविषयी मोकळेपणाने बोलता येत नाही, हे परावलंबनाचे खरे मोल आहे. करारपत्रात लिहिलेल्या रकमेत ते धरलेले नसते.

तेव्हा बोलावे की न बोलावे, हा खरा प्रश्न नाही. कोणत्या अटीवर बोलावे, हा आहे. आमच्या मते ती अट एकच: सोबत्याच्या दोषाचा उच्चार करण्यापूर्वी आपल्या वाट्याची झडती तितक्याच कठोरपणे घेतलेली असावी. ज्याने ती घेतली आहे त्याने सोबत्यास स्पष्ट बोलावे, आणि शक्य तोवर चार भिंतींच्या आत बोलावे. कारण आतले बोलणे सुधारण्यासाठी असते, चव्हाट्यावरचे बहुधा सुटण्यासाठी. ज्याने ती घेतलेली नाही, त्याचे शब्द योगायोगाने खरे ठरले, तरी त्यास त्या सत्याचे श्रेय नाही.

उत्तरकथा सांगून हा लेख संपवू. टोरो रोसोजवळ एक वर्ष घडून होंडाचे इंजिन २०१९ साली रेड बुलकडे गेले. ३० जून रोजी ऑस्ट्रियात मॅक्स व्हर्स्टॅपेनने त्या इंजिनावर शर्यत जिंकली; होंडाचा हा २००६ नंतरचा पहिला विजय. त्या दिवशी संघाचे पारितोषिक घेण्यास रेड बुलने होंडाच्या तांत्रिक प्रमुखास, तानाबे यांस, विजयमंचावर पाठविले, आणि व्हर्स्टॅपेनने आपल्या अंगरख्यावरील होंडाच्या चिन्हाकडे बोट दाखविले. चार वर्षांपूर्वी सुझुका येथे जगाने जे ऐकले होते, त्याचे उत्तर त्या बोटाने शब्दावाचून दिले. २०२१ साली त्याच इंजिनावर व्हर्स्टॅपेन अजिंक्य झाला. रेनोचे नाव पुसणाराच हा संघ, हे मात्र वाचकांनी विसरू नये. माणसे एका भागीदारीत शिकतात ते दुसऱ्या भागीदारीत उपयोगी पडते.

आणि मॅक्लारेन? तिनेही शिकले. २०१८च्या त्या कबुलीनंतर तिने गाडी, कारखाना व माणसे यांची पायापासून फेररचना केली. २०२१ पासून ती मर्सिडीजचे इंजिन घेते. तेही मोल देऊन, प्रतिस्पर्ध्याकडून. २०२४ साली त्या इंजिनावर तिने संघांचे अजिंक्यपद जिंकले, १९९८ नंतर प्रथमच. आणि २०२५ साली पुन्हा. २०२४ साली इंजिन करणाऱ्या मर्सिडीजचा स्वतःचा संघ त्याच इंजिनावर चौथा आला होता! दोष देण्यास सोबती उरला नाही, तेव्हा या संघास आपले घर प्रथम दिसले. आणि घर दिसल्यावर ते झाडून घेण्यास त्यास लाज वाटली नाही. प्रत्येकाच्या आयुष्यात असा उलटसुलट प्रयोग करून पाहण्याची सोय नसते. आपल्या मुलाचे मास्तर, आपल्या दुकानाचा भागीदार, आपल्या संसारातील जोडीदार यांस बदलून निकाल तपासता येत नाही, आणि येऊही नये. म्हणून जो हिशेब मॅक्लारेनकडून परिस्थितीने करवून घेतला, तो आपण आपल्या मनाशी, कोणी मागण्यापूर्वी, करून ठेवावा हे बरे.